ब्लोअर बंद नव्हता

सकाळी साडेसहाला फोन वाजला आणि त्यावर ‘रफीकभाई टाकी’ असं नाव आलं, तेव्हा माझे दोन्ही हात म्हशीच्या कासेला होते. एकवीस दिवसांनी तो फोन वाजत होता. त्याआधी सात वर्षं तो रोज ह्याच वेळेला वाजायचा, सण असो की सुतक, आणि पलीकडून एकच प्रश्न यायचा, “अक्का, आज रंग कुठला?” मग एकवीस दिवस गप्प. का गप्प, ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे. तर त्या दिवशी मी चरवी तशीच बाजूला ठेवली, पदराला हात पुसला, आणि त्यांना बोलायला सवडच न देता एका दमात म्हणाले, “पिवळा आहे, भाई. कालही पिवळाच होता. मी रोज बघते.” तुम्ही रागवा, पण मी काम सोडलेलं नाही, एवढं त्यांना कळावं असं वाटत होतं. मग त्यांच्या बायकोचा, शबानाभाभीचा आवाज आला, “अक्का, वो नहीं रहे. फजर की नमाज के टैम पे...” आणि मी वेड्यासारखी पुन्हा म्हणाले, “पिवळा आहे म्हणून सांग त्यांना.”

याला आता दीड महिना होईल.

माझा गोठा सोलापूरच्या कडेला, अक्कलकोट रस्त्यावर. मालक गेले तेव्हा बावीस म्हशी आणि मी, एवढंच मागं उरलं. शिक्षण म्हणाल तर चौथी. पुढचं वाचन पेंडीच्या पोत्यावरचं आणि पेपरच्या पुरवणीतलं. रफीकभाईंचं शहरात पंपाच्या मोटारी रिवायंडिंगचं दुकान होतं, ते आणि त्यांचा धाकटा भाऊ सलीम मिळून चालवायचे. गोठ्यातला पंप जळाला की मी ह्यांना बोलवायचे. पण हा माणूस नुसता पंप करून जायचा नाही. शहरातलं सांडपाणी शुद्ध करतात तिथल्या मोटारी दुरुस्त करायला ते काही महिने जात होते, आणि तिथल्या साहेबांना प्रश्न विचारून विचारून त्यांनी भंडावून सोडलं होतं. हे बुडबुडे कशाला, हा गाळ परत का फिरवता, ह्याला खायला काय घालता. दुकान तसंच पडलेलं आणि हे वह्या भरत बसलेले. एके दिवशी माझ्या गोठ्यामागच्या नाल्याशी उकिडवे बसले, ओंजळीत ते पाणी घेतलं, वास घेतला. मी म्हटलं, “भाई, ते मूत आहे.” म्हणाले, “अक्का, मूत न्हाई, कामाचा माल हाय. नुसता चुकीच्या जागी पडलाय.”

तेव्हा आमच्या वस्तीत अठरा गोठे होते. सगळ्यांचं धुण्याचं पाणी त्याच नाल्यात. डोळ्याला झोंबायचं इतका वास, आणि खालच्या बाजूच्या बोअरचं पाणी असं बिघडलेलं की आरोग्य केंद्रातल्या बाईंनी घरोघर जाऊन सांगितलं होतं, लहान लेकराला हे पाणी पाजू नका. गोठे उठवणार, अशी बोलणी चालू झाली होती. रफीकभाई म्हणाले, “उठवतील कशाला? पाणीच साफ करू की.” त्यांनी मला जे सांगितलं ते मला अजून पाठ आहे. म्हणाले, “अक्का, ह्या पाण्यात जे झोंबतं ते अमोनिया. त्याला दोन जातीचे जंतू लागतात. एकीला हवा पाहिजे, ती अमोनियाचं नायट्रेट करती. पण नायट्रेट बी वाईटच, बोअर त्यानंच नासलंय. दुसऱ्या जातीला हवा सोसत न्हाई, ती ते नायट्रेट मोडून हवेत सोडती. तुमच्या घरात जावा होत्या ना, तसं. एका चुलीवर नांदायच्या न्हाईत, पण दोघींशिवाय घर चालायचं न्हाई.” म्हणून दोन टाक्या. पहिलीत ब्लोअर लावून खालून हवा सोडायची आणि चुना घालायचा, दुसरी निवांत ठेवायची आणि तिला साखर कारखान्यातली मळी पाजायची. मी म्हटलं, “एकीला चुना, दुसरीला गोड. पानाचं दुकानच काढलंत की.” त्यावर ते इतके हसले की चष्मा टाकीत पडला. तो त्यांनी स्वतःच हात घालून काढला.

लोक त्यांना मुताचा डॉक्टर म्हणायचे. तोंडावर म्हणायचे. हॉटेलात चहा प्यायला बसले की शेजारचा उठून लांब बसायचा, नाकाला हात लावून. ते म्हणायचे, “जाऊ दे, मला बाक मोठा मिळतो.” शहरातल्या प्लँटवरून जिवंत गाळ कॅनमध्ये भरून ते त्यांच्या एम-एटी गाडीवर घेऊन यायचे, म्हणजे विरजणच म्हणा. तो हळूहळू वाढवायचा. हवा लागणारे जंतू फार आळशी, लई हळू वाढतात, असं ते सांगायचे. तीन महिने त्यांनी आणि सलीमनं त्या टाकीपाशी लेकराच्या पाळण्यापाशी बसावं तसे दिवस काढले. वीज पाळीपाळीनं जायची; ती गेली की लगेच जनरेटर चालू करून ब्लोअर चालता ठेवायचा, हे सलीमचं काम. हवा थांबली की आतले जीव गुदमरून मरतात. आणि मला एकच नियम होता. “अक्का, ह्या पाण्यात साबण, फिनेल, पावडर काय बी जायचं न्हाई. आत जीव हायत.” मी म्हटलं, बरं.

त्यांच्याकडं एक निळी पेटी होती. आत काचेची नळी आणि औषधाच्या छोट्या बाटल्या. टाकीतून बाहेर पडणारं पाणी नळीत घ्यायचं, थेंब टाकायचे, थोडं थांबायचं. हिरवं झालं तर अमोनिया आहे, पिवळं राहिलं तर गेला. कित्येक आठवडे नळी हिरवीगार यायची. मग एके दिवशी पिवळी. त्या दिवशी वास गेला, माश्या गेल्या, दुसऱ्या टाकीत बारीक बारीक बुडबुडे वर यायला लागले. रफीकभाई त्या बुडबुड्यांकडं बघत उभे राहिले. मी त्या नितळ पाण्याचं कौतुक करायला गेले तर म्हणाले, “नितळ दिसतंय म्हणून चांगलं समजू नको, अक्का. अमोनियाला रंग नसतो. थेंब टाकल्याशिवाय कळत न्हाई.”

मग सरकारी साहेब लोक बघायला येणार असं ठरलं. टाकी पसंत पडली तर अठराही गोठ्यांना टाक्या बांधून देतील आणि कुणाला उठावं लागणार नाही. सगळी वस्ती त्या एका दिवसावर टेकलेली. आदल्या दिवशी रफीकभाई साहेबांकडं कागद घेऊन शहरात गेले होते, सलीम ब्लोअरपाशी होता. आणि मी काय केलं? पाहुणे येणार म्हणून घर धुतलं. आमच्याकडं पाहुणा येणार म्हटलं की बाई आधी अंगण बघते. ते शेणामुताचे ओघळ, ते भिंतीवरचे डाग, मोठ्या माणसांच्या डोळ्यांना दिसणार... मला राहवेना. विहिरीत टाकायला म्हणून ग्रामपंचायतीनं दिलेली ब्लीचिंग पावडर घरात होती. अर्धं पोतं मी गोठ्यात पसरलं, खराट्यानं घासघास घासलं आणि पंपाच्या पाण्यानं धुवून काढलं. नियम मला ठाऊक होता. मी म्हटलं, एका दिवसानं काय होतंय. भरपूर पाणी मारलंय, पातळ झालं असेल. ते सगळं पाणी झाकलेल्या गटारीतून टाकीत गेलं. पलीकडं बसलेल्या सलीमला कळलंसुद्धा नाही. मी त्याला भाकरी आणि शेंगाचटणी नेऊन दिली. त्या दुपारी वीज दोनदा गेली आणि दोन्ही वेळेला त्यानं दोरी ओढून जनरेटर चालू केला, हे मी ह्या डोळ्यांनी बघितलं. संध्याकाळी मी टाकीच्या कठड्याला रांगोळी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वास परत आला होता. रफीकभाईंनी नळीत थेंब टाकले. नुसती हिरवी नाही, काळपट हिरवी. त्यांनी नळी धुतली, पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा थेंब टाकले. तेवढ्यात साहेबांची गाडी आली. खाली उतरता उतरता सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. एकजण म्हणाला, “यासाठी बोलावलं होतं का?” रफीकभाई सलीमकडं वळले आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, “किती वेळ बंद होता?” सलीम म्हणाला, “बंद न्हवता, भाई.” “झोपलास ना?” “न्हाई, भाई.” मग रफीकभाईंनी त्याच्या तोंडात मारली. लग्न झालेल्या, दोन लेकरांच्या बापाला, वस्तीसमोर. मी तीन हात अंतरावर उभी होते. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मला आठवतं ते एवढंच, की चहा सांडू नये म्हणून मी कप जपत होते.

आज सांगीन, उद्या सांगीन असं करता करता किती दिवस गेले... आधी वाटलं, राग निवळू दे. मग वाटलं, आता सांगितलं तर म्हणतील तेव्हा का नाही बोललीस. पुढं पुढं तर गप्प बसायची सवयच झाली, दात पडल्यावर जिभेला होते तशी. वस्तीतल्या पोरांनी सलीमचं नाव झोप्या पाडलं. सलीम येतोय म्हटलं की घोरायचे आवाज काढायचे. भावांनी दुकान वेगळं केलं, बोलणं तोडलं, आणि सलीम बायकापोरांना घेऊन सांगोल्याला गेला, डाळिंबाच्या पॅकिंगला. गोठ्यांना नोटिसा आल्या. कुणी म्हशी विकल्या, कुणी लांब रानात नेल्या. आमच्या बाजूच्या लक्ष्मीनं ओळीनं सात म्हशी बाजाराला धाडल्या आणि दावी हातात घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली. तिला मी चहा दिला. रफीकभाईंनी एकट्यानं चार महिने खपून माझ्या टाकीतले जीव पुन्हा वाढवले, पाणी पुन्हा पिवळं आणलं, पण तोवर बाकीचे उठून गेले होते, त्या पिवळ्या नळीवर माझा एकटीचा गोठा राहिला. ज्या बाईनं जंतू मारले तिचाच तेवढा राहिला. ते मला म्हणायचे, “तू होतीस म्हणून एक तरी टाकी उभी राहिली, अक्का.” आणि रोज साडेसहाला फोन. पेटी माझ्याकडं ठेवली होती. मी रंग सांगितल्याशिवाय ते चहाला तोंड लावायचे नाहीत, असं भाभी सांगायची.

मग त्यांच्या साखरेनं मूत्रपिंडं खाल्ली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मी डबा घेऊन जायचे, ते खायचे नाहीत. एकदा मला जवळ बोलावलं, तोंड उघडलं आणि म्हणाले, “वास घे.” मी मागं सरले. म्हणाले, “ओळखलास ना? तुझ्या गोठ्याचा हाय. बावीस म्हशींचं मूत सोडवलं, अक्का, आणि माझं रक्तात अडकलं.” मशीनकडं बोट करून म्हणाले, “ही बी टाकीच हाय. पण हिच्यात जीव न्हाईत, नुसत्या नळ्या.” ते हसत होते. तेवढ्यात डॉक्टर आले आणि त्यांनी विचारलं, सख्खं कुणी आहे का, भाऊ, बहीण? मूत्रपिंड देण्यासारखं? रफीकभाई म्हणाले, “कोणी न्हाई.”

मी स्टुलावर बसले होते. डॉक्टर दुसऱ्या खाटेकडं गेले. तो एवढासा शब्द, ‘न्हाई’, मी माझ्या हातानं केलेला होता.

आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी सांगोल्याची एसटी धरली. सलीम शेडमध्ये खोकी बांधत होता. केस पांढरे झालेले. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पावडर, गटार, सगळं. मला वाटलं होतं तो ओरडेल. त्यानं हातातली चिकटपट्टी नीट तोडली, खोक्यावर दाबून बसवली आणि म्हणाला, “अक्का, तुमाला एक सांगू? लोक म्हनायचे झोपला. भाई म्हनायचा झोपला. घरात रोज त्याच्यावरनं भांडण. शेवटी मीच बायकोला सांगून टाकलं, व्हय, डोळा लागला हुता माजा. तवा कुटं घर गप झालं. मग माजं मलाबी तसंच आठवायला लागलं. आता तुमी म्हनता, जागा हुता. आता त्या जागेपणाचं मी काय करू?” मी म्हटलं, “भाईंना गरज आहे तुझी. मूत्रपिंड लागणार आहे.” त्यानं चिकटपट्टी खाली ठेवली. म्हणाला, “म्हनून आलात व्हय.” मग म्हणाला, “त्यानं हाक मारू दे. एक हाक मारली तरी येतो. पण त्यानं मारली पायजे.”

दुसऱ्या दिवशी मी रफीकभाईंना सांगितलं. मशीन चालू होतं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर विचारलं, “किती टाकलीस?” म्हटलं, “अर्धं पोतं.” “पाणी किती मारलंस?” म्हटलं, “तासभर पंप चालू होता.” त्यांनी डोळे मिटून हिशेब केल्यासारखं केलं, मान हलवली, म्हणजे तेवढ्यानं मरणारच होते ते जीव. मग म्हणाले, “रांगोळी बी काढली हुतीस तू. मला आठवती.” मी खाटेला धरून रडायला लागले. म्हणाले, “रडू नको, नळी हलती.” मी म्हटलं, सलीम वाट बघतोय, एक हाक मारा. तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि ती नजर मी विसरणार नाही. “तू खरं सांगितलंस, अक्का. पण कधी सांगितलंस? सात वर्षांत कधीबी सांगितलं असतंस तर मी त्याच्या पाया पडलो असतो. आता हाक मारली तर ती माफी व्हईल का भीक? त्यालाबी कळायचं न्हाई, मलाबी न्हाई.” आणि भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवसापासून फोन बंद झाला. त्यांनी सलीमला बोलावलं नाही. सलीम आपणहून आला नाही. मी मध्ये दोनदा दवाखान्यात गेले, भाभी दारातच म्हणाली, “झोपलेत, अक्का.” आतून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. एकवीस दिवस. सलीमचं मूत्रपिंड जुळलं असतं की नसतं, देव जाणे. नसतंही जुळलं. पण ते कळायला आधी कुणीतरी हाक मारावी लागते ना.

मातीला सलीम आला. बायका कब्रस्तानात जात नाहीत, मी फाटकाबाहेर लिंबाखाली उभी होते. तो बाहेर पडला तेव्हा त्याच्या हाताला ओली माती होती. मी म्हटलं, “आलास, बाबा.” म्हणाला, “माती द्यायला बोलावणं लागत न्हाई, अक्का.” आणि पुढं गेला.

मागच्या आठवड्यात तो माझ्या गोठ्यावर आला. सात वर्षांत पहिल्यांदा. आधी टाकीपाशी गेला, ब्लोअरवर हात ठेवला, कान दिला. “पट्टा ढिला पडलाय,” म्हणाला. गाडीच्या डिकीतून पाना काढला, पट्टा ताणून बसवला, चालू करून बघितला. चहा घे म्हटलं तर नको म्हणाला. मग म्हणाला, “भाईची पेटी तुमच्याकडं हाय. ती आमच्या घरची हाय.” मी आतून निळी पेटी थेंबांच्या बाटल्यांसकट आणून दिली. मी रोज ज्यात पाणी घ्यायचे ती एक काचेची नळी तेवढी धुवून कोनाड्यात ठेवलेली राहिली, ती त्याच्या ध्यानात आली नाही, आणि माझ्याही.

ही पुरवणी आमच्या जुन्या वस्तीतले, आता चार दिशांना गेलेले लोक वाचतात, म्हणून इथं लिहिते. त्या दिवशी ब्लोअर बंद नव्हता. सलीम जागा होता. वीज दोनदा गेली, दोनदा त्यानं जनरेटर चालू केला. तुमच्या म्हशी माझ्यामुळं गेल्या. त्याला ज्यांनी ज्यांनी झोप्या म्हटलं, त्यांनी आता मला काय म्हणायचं ते म्हणावं. हे सगळं ज्याला आधी कळायला हवं होतं तो माणूस हे वाचणार नाही.

साडेसहाला माझे पाय अजून टाकीकडंच वळतात. मागं ब्लोअर घुमत असतो. नळीत पाणी घेते, उजेडात धरते. नितळ दिसतं. पिवळं की हिरवं, ते आता मला सांगता येत नाही.